जॉन कॉनरला मारून 'डार्क फेट'ने काय साधलं?

निशाचर

(कथानक पूर्ण उघड केलं आहे. बघायचा राहिला असेल तर आधी बघून या.)

'टर्मिनेटर' मालिकेतला सहावा चित्रपट 'डार्क फेट' २०१९ साली आला. येण्याआधीच सांगून टाकलं होतं की मधले तिन्ही भाग विसरा, म्हणजे २००३ चा 'राइज ऑफ द मशिन्स', २००९ चा 'सॅल्व्हेशन' आणि २०१५ चा 'जेनिसिस'. हा १९९१ च्या 'जजमेंट डे'चा थेट पुढचा भाग. पहिल्या दोन भागांचा कर्ता जेम्स कॅमेरॉन निर्माता म्हणून परतला होता, लिंडा हॅमिल्टन २८ वर्षांनी मोठ्या पडद्यावर पुन्हा सारा कॉनर झाली होती, आणि दिग्दर्शनाला टिम मिलर. इतकं जुळून आल्यावर अपेक्षा वाढल्या तर प्रेक्षकाचा काय दोष?

सुरुवातीचाच प्रसंग. १९९८, ग्वाटेमालाचा समुद्रकिनारा, एका साध्याशा बारमध्ये सारा आणि तिचा मुलगा जॉन, जो उद्या यंत्रांविरुद्धच्या युद्धात माणसांचा सेनापती व्हायचा होता. श्वार्झनेगरचा चेहरा असलेला एक टर्मिनेटर, म्हणजे भविष्यातून पाठवलेलं माणसासारखं दिसणारं मारेकरी यंत्र, सरळ चालत येतो, शॉटगनने जॉनला गोळी घालतो आणि आला तसा निघून जातो. चेहरे संगणकाने तरुण केलेले, काम चोख. पण मी तिथेच तुटलो, आणि पुढचे दोन तास मला चित्रपट परत हाती लागला नाही.

'जजमेंट डे'चे १३७ मिनिटं कशासाठी होते? हा पोरगा जगावा म्हणून. ज्याच्या कामातून पुढे स्कायनेट ही माणसांवर उलटणारी संगणक यंत्रणा जन्मणार असते, त्या डायसनच्या घरात सारा शिरते, त्याच्या बायकामुलांसमोर बंदूक रोखते आणि चाप ओढू शकत नाही. मग तोच डायसन छातीत गोळ्या घेऊन, धाप लागलेली असताना, स्फोटाच्या कळीवर हात धरून बसतो. शेवटी जॉनचं रक्षण करणारं यंत्र स्वतःहून वितळलेल्या पोलादात उतरतं. एकेकाने किंमत मोजली, आणि त्या किमतीला दोन गोष्टी मिळाल्या: मुलगा वाचला आणि युद्ध टळलं. 'डार्क फेट' पहिली गोष्ट दोन मिनिटांत काढून घेतो. दुसरी पुढच्या तासाभरात जाते, कारण स्कायनेटच्या जागी 'लीजन' नावाची दुसरी यंत्रणा येते आणि माणसांवर तशीच उलटते. मग राहिलं काय?

माझा आक्षेप मृत्यूला नाही. पहिल्या भागात साराला वाचवायला भविष्यातून आलेला सैनिक काईल रीस मरतो, ते आजही लागतं, कारण आधी तासभर तो आपला झालेला असतो. इथे जॉनला एक धड वाक्यही मिळत नाही. जागा रिकामी करायची होती म्हणून त्याला बाजूला केलं.

आणि रिकाम्या जागेत बसवलं काय, तर तोच साचा. भविष्यातून एक मारेकरी, एक रक्षक, मध्ये गोंधळलेली एक मुलगी. महामार्गावर पाठलाग, मग लपायला एक घर, मग शस्त्रांची जमवाजमव, आणि शेवटी मोठाल्या यंत्रांमध्ये झुंज. नावं बदलली, चाल तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. तिन्ही मुख्य पात्रं स्त्रिया आहेत म्हणून ज्यांना हा चित्रपट खुपतो, त्यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही. या मालिकेचा कणा १९८४ पासून एक बाईच आहे.

गिरणगाव

पूर्ण असहमत. आणि नेमकं त्या पहिल्या प्रसंगाबद्दलच असहमत.

जॉन कॉनर महत्त्वाचा कशामुळे? तो उद्याच्या युद्धातला सेनापती आहे म्हणून. 'जजमेंट डे'मध्ये ते युद्धच रद्द झालं. म्हणजे त्यानंतरचा जॉन हा फक्त एक मुलगा आहे. जगाच्या दृष्टीने त्याला मारण्यात आता काही अर्थ नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग मला भयंकर वाटतो. ज्याने हुकूम दिला तो स्कायनेट अस्तित्वातच येणार नाही, पण हुकूम घेऊन निघालेलं यंत्र अजून फिरतंय. त्याला थांबवणारं कोणी उरलेलं नाही. ते काम उरकतं आणि चालू लागतं. या मालिकेत यंत्राचं यंत्रपण इतक्या थंडपणे मी १९८४ नंतर पाहिलं नव्हतं.

तुम्ही म्हणता किंमत वाया गेली. नाही गेली. १९९७ च्या ऑगस्टमध्ये स्कायनेटच्या अणुहल्ल्यात मरणार होती ती अब्जावधी माणसं जगली. सारालाही हे कळतं, आणि तरी तिला त्याचं काही वाटत नाही, कारण तिचा एक गेला. ही शोकांतिका आहे. तिला सोयीचं लेखन म्हणून झटकून टाकू नका.

दुसरं, दानीचं. दानी रामोस ही मेक्सिको सिटीतल्या कारखान्यात काम करणारी मुलगी. भविष्यातून आलेली ग्रेस तिला वाचवायला धडपडते. सारा बघताक्षणी ठरवून टाकते की हिच्या पोटी कोणीतरी जन्मणार, मीही तशीच होते. आपणही तेच धरून चालतो. आणि मग उलगडतं की दानीला मूलबिल काही नाही, सेनापती तीच आहे. भग्नावशेषात लहानग्या ग्रेसला अन्नासाठी लुटणाऱ्या माणसांपासून सोडवणारी, आपसात मरू नका म्हणून सुनावणारी दानी आपल्याला दिसते. १९८४ साली जे मांडलं होतं त्यात बाईचं मोल तिच्या मुलामुळे होतं. ते इथे सुधारलं. हे साचाच गिरवणं कसं?

सावली

मी या दोघांच्या मध्ये आहे, पण जॉनच्या मृत्यूबाबत गिरणगावकडे झुकते.

साराचं एक बोलणं कोणी काढलं नाही म्हणून लिहिते. यंत्रांनी ओळखू नये म्हणून तिने आयुष्यभर जॉनचा फोटो काढू दिलेला नसतो. तो गेल्यावर तिच्याकडे एकही फोटो नाही. आणि आता, इतक्या वर्षांनी, त्याचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून पुसट होत चाललाय. हे ती कोणाची कीव मागत नाही अशा सुरात सांगून टाकते. पोराला वाचवायला जे केलं त्यानेच त्याची आठवण हिरावली. संपूर्ण मालिकेत मला एवढं खरं वाक्य दुसरं सापडत नाही.

आणि ती कशी जगते ते बघा. फोनचा माग लागू नये म्हणून तो वेफर्सच्या चकचकीत पिशवीत कोंबलेला. कधीतरी अनोळखी नंबरवरून एक ठिकाण येतं, खाली लिहिलेलं की हे जॉनसाठी. ती तिथे जाते, उतरणाऱ्या यंत्राला उडवते, आणि पुढचा निरोप येईपर्यंत पिऊन पडते. साठी ओलांडलेली बाई, चेहऱ्यावरची एकही सुरकुती लपवलेली नाही. हॉलिवूड हे सहसा करू देत नाही. जॉन जिवंत असता तर ही सारा आपल्याला मिळालीच नसती.

निशाचर

सावली, फोटोच्या प्रसंगाबद्दल शंभर टक्के सहमत. हॅमिल्टनने त्यात जीव ओतलाय. पण तो प्रसंग किती वेळाचा? जेमतेम मिनिटभर. मग परत गोळीबार. तिच्या दुःखावरच चित्रपट उभा असता तर हा धागा मी काढलाच नसता.

उलट त्या दुःखाचं चित्रपटाने पुढे काय केलं ते बघा. जॉनला मारणारं यंत्र टेक्सासच्या रानातल्या घरात 'कार्ल' नाव घेऊन राहतंय. पडदे लावून देण्याचा धंदा करतं, एका बाईला आणि तिच्या मुलाला सांभाळतं. काम संपल्यावर हुकूम देणारं कोणी उरलं नाही म्हणून त्याला हळूहळू सदसद्विवेक आला. साराला निरोप पाठवणारा तोच.

कल्पना म्हणून ही भन्नाट आहे. पण ती आपल्याला दिसते कुठे? घरात बसून, बोलण्यातून, आणि वर पडद्यांच्या रंगसंगतीवरचे विनोद. 'जजमेंट डे'मध्ये यंत्र माणूसपण शिकतं ते आपल्या डोळ्यांदेखत. जॉन त्याला सांगतो, माणसं मारायची नाहीत. का, असं ते विचारतं, आणि या का-ला मुलाकडे धड उत्तर नसतं. माणसं रडतात का, हेही ते विचारतं. पोलादात उतरताना ते उत्तर त्याला सापडलेलं असतं. शिकवणारा जॉन होता. 'डार्क फेट' म्हणतो, यंत्र हे आपलं आपण शिकू शकतं, जॉनला मारूनसुद्धा. म्हणजे मुलगा सेनापती म्हणून लागत नाही आणि गुरू म्हणूनही लागत नाही. सोय म्हणतो ती याला.

चाकणची शिफ्ट

मी गाड्यांच्या कारखान्यात बॉडी शॉपला आहे, जिथे पत्रे जोडून गाडीचा सांगाडा तयार होतो. त्यामुळे मला यातली पंधराएक मिनिटं वेगळी दिसली.

दानी आणि तिचा भाऊ दिएगो कामावर येतात. दिएगोच्या जागेवर यंत्राचा हात बसवलेला. त्याला सांगतात, तुझं काम आता हे करणार. दानी वरिष्ठांशी भांडायला उभी राहते. हे बघून मी खुर्चीत पुढे सरकलो. १९८४ साली यंत्राची भीती म्हणजे लष्कराचा संगणक आणि अणुबाँब. आज माझ्या ओळीतल्या माणसाला विचारा यंत्राची भीती काय, तो अणुबाँब सांगणार नाही.

प्रत्यक्षात असं एका सकाळी होत नाही, तेवढं नोंदवतो. लाइन बंद ठेवण्याच्या काळात नवीन स्टेशन बसतं, भोवती पिवळी जाळी लागते, महिनाभर चाचण्या चालतात. त्या चाचण्यांना जुना ऑपरेटरच उभा असतो, कारण टाका कुठे चुकतोय हे त्यालाच कळतं. यंत्राला तोच शिकवतो. मग कायम कामगार दुसऱ्या विभागात जातो आणि कंत्राटी पोराचं कंत्राट पुढे वाढत नाही. कोणी कोणाला काढलं असं कागदावर कुठेच दिसत नाही. हे दाखवलं असतं तर मारेकरी यंत्र यायच्या आधीच अंगावर काटा आला असता.

पण तो धागा दहा मिनिटांत सोडून दिला. महामार्गावर दिएगो मरतो आणि त्याच्याबरोबर तो विषयही मेला. पुढे सीमेवर स्थलांतरितांना जाळीमागे कोंडलेलं केंद्र येतं, तिथेही तेच. विषय समोर ठेवतात, त्यातून पळापळ काढतात आणि पुढे जातात. म्हणून मी निशाचरच्या बाजूने, पण जॉनसाठी नाही. माझा राग दिएगोसाठी आहे.

तिसरी घंटा

'जजमेंट डे'चा शेवट पवित्र आहे आणि पुढच्यांनी तो बाटवला, हा सूर इथे आधीच लागलाय. त्याला माझा विरोध आहे.

कॅमेरॉनने त्याचा एक वेगळा शेवट चित्रित केला होता. २०२९ साल, वॉशिंग्टनमधली बाग, म्हातारी सारा बाकावर बसली आहे, जॉन सिनेटर झालाय, त्याची लहान मुलगी खेळतेय. तो शेवट आला असता तर सगळं मिटलं होतं. तो त्याने काढून टाकला आणि त्याजागी रात्रीचा रस्ता ठेवला. गाडीच्या दिव्यात दिसेल तेवढाच रस्ता, पुढचा अंधारात, आणि साराचा आवाज. म्हणजे पुढे काय ते ठरलेलं नाही, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. दार त्यानेच उघडं ठेवलं. त्यातून कोणी आत आलं तर घरफोडी झाली म्हणून ओरडायचं कशाला?

आणि त्या उघड्या दाराचा सगळ्यात धीट उपयोग ज्याला सगळे नावं ठेवतात त्या तिसऱ्या भागाने केला. जोनाथन मोस्टोचा, २००३ चा. विनोद फसलेत, जॉन मिळमिळीत आहे, मान्य. पण शेवट आठवा. जॉन आणि त्याची साथीदार केट स्कायनेट बंद करायला डोंगरातल्या तळावर पोचतात आणि तिथे स्कायनेट नसतंच. असतं ते जुनं अणुयुद्धाचं आश्रयस्थान. त्यांना तिथे पाठवलेलं असतं ते जिवंत राहावेत म्हणून. बाहेर बाँब पडतात आणि आत रेडिओवर घाबरलेले आवाज विचारत असतात, तिथे कोण आहे? जॉन माइक उचलतो. इतक्या महागड्या चित्रपटाने जग खरंच बुडवून दाखवलं. 'डार्क फेट'मध्ये अशा धाडसाचा एकही क्षण शेवटाकडे नाही. माझ्या लेखी निराशा ही आहे.

गिरणगाव

तिसरी घंटा, त्याच तिसऱ्या भागाने साराला पडद्यामागे रक्ताच्या कर्करोगाने मारलं आणि तिच्या शवपेटीत बंदुका भरल्या. जॉनचा मृत्यू 'सोय' असेल तर ते काय होतं? निदान 'डार्क फेट'ने मारलं ते समोर मारलं, आणि त्याचं ओझं उरलेल्या चित्रपटभर साराच्या खांद्यावर ठेवलं.

रीळ

तुम्ही सगळे गोष्टीवर भांडताय. मी पडद्यावर काय दिसतं त्याबद्दल बोलतो, कारण माझ्या मते चित्रपट पडला तो तिथे.

'जजमेंट डे' म्हटलं की लोक संगणकावरचा द्रव धातू काढतात. पण त्यात संगणकाची दृश्यं मोजकीच आहेत. बाकीचं हातांनी केलेलं आहे. वेड्यांच्या इस्पितळातला तो पहारेकरी आठवा. यंत्रातून कॉफी घेतोय, मागे जमिनीच्या फरशीतून टी-१०००, म्हणजे तो द्रव धातूचा मारेकरी, वर येतो आणि त्याच पहारेकऱ्याचं रूप घेतो. दोघं समोरासमोर. ते संगणकाने जोडलेलं नाही, ते खरेखुरे जुळे भाऊ आहेत. शेवटी दोन सारा दिसतात तिथे हॅमिल्टनची जुळी बहीण लेस्ली आहे. पुलाखालून हेलिकॉप्टर जातं ते खरोखर गेलं. कॅमेरामन ते टिपायला तयार नव्हता म्हणून कॅमेरॉनने स्वतः कॅमेरा धरला. डोळ्याला हे कळतं. कारण सांगता येत नाही, पण कळतं.

'डार्क फेट'चा मारेकरी रेव्ह-९ ही कागदावर सुंदर कल्पना आहे. आतला सांगाडा आणि बाहेरची द्रव कातडी वेगळी होऊन दोन बाजूंनी हल्ला करू शकतात. गॅब्रिएल लुनाने तो गोड बोलणारा, गर्दीत मिसळून जाणारा केलाय, तेही छान. कारखान्यातली पहिली झुंज आणि महामार्ग, तिथपर्यंत चित्रपट दमदार आहे. पण पुढे मालवाहू विमान, रात्र, आतल्या सगळ्या वस्तू तरंगतायत, माणसं तरंगतायत, कोण कुठे आहे पत्ता नाही. मग तेच विमानातून गाडीसकट खाली, धरणावर, पाण्यात, पुन्हा काळोख. ज्याला वजनच नाही असं शरीर भिंतीवर आपटलं तरी दुखत नाही. रेव्ह-९ ला काहीही केलं तरी तो पुन्हा जुळतो, तर मग भीती कशाची वाटायची? टी-१००० ला थंडीने गोठवून फोडला होता, तो वितळून परत जुळताना आपण ते सेकंद मोजत होतो.

बोरीबंदर

थोडं व्यवहाराचं. ज्यांना वाटतं की हे भाग कोणा एकाच्या मनातून निघाले, त्यांच्यासाठी.

कॅमेरॉनने पहिल्या चित्रपटाचे हक्क निर्माती गेल ॲन हर्डला एका डॉलरला दिले होते, अट एकच की दिग्दर्शन मी करणार. तिथून हक्क फिरत राहिले. 'जजमेंट डे' काढणारी कॅरोल्को १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. 'सॅल्व्हेशन' काढणारी हॅल्सियन कंपनीही दिवाळखोरीत गेली आणि २०१० मध्ये हक्क लिलावात २ कोटी ९५ लाख डॉलरला गेले. ज्याच्या हाती पडले त्याने पैसे वसूल करायला नवीन 'तीन भागांची सुरुवात' जाहीर केली. 'सॅल्व्हेशन', 'जेनिसिस', 'डार्क फेट', तिघांपुढे दोन दोन भाग ठरलेले होते. एकालाही दुसरा भाग मिळाला नाही.

'डार्क फेट'चा खर्च सुमारे १८.५ कोटी डॉलर, जगभरची तिकीटविक्री २६ कोटींच्या आसपास. त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहं ठेवतात आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणजे खड्डा मोठा. 'जेनिसिस'ने ४४ कोटी केले, त्यातले ११ कोटींहून जास्त एकट्या चीनने दिले. 'डार्क फेट'च्या वेळी तो आधारही तुटला.

कॅमेरॉननेच नंतर सांगितलं की श्वार्झनेगर आणि हॅमिल्टन दोघांनाही आणणं बहुधा जास्त झालं, तरुणांना तो आजोबांच्या काळचा टर्मिनेटर वाटला. मिलरनेही जाहीरपणे सांगितलं की कॅमेरॉनशी मतभेद झाले आणि चित्रपटावर शेवटचा हात आपला नव्हता. एका चित्रपटात दोन मालक. निशाचरला जो साचा दिसला तो यातून आला असं माझं मत.

मोगरा

एक जुनी गोष्ट इथे आणणं भाग आहे. 'एलियन' मालिका. दुसरा भाग 'एलियन्स', १९८६, कॅमेरॉनचाच. नायिका रिप्लीने न्यूट नावाच्या मुलीला परग्रहावरच्या राक्षसिणीच्या तोंडून ओढून काढलं, हिक्स नावाचा सैनिक वाचला, तिघं एकाच यानात झोपी गेले. १९९२ मध्ये डेव्हिड फिंचरचा 'एलियन ३' आला आणि नामावली चालू असतानाच न्यूट आणि हिक्स मेलेले. पुढे त्या मुलीचं शवविच्छेदन.

त्या निर्णयावर सर्वांत जळजळीत टीका कोणी केली असेल तर कॅमेरॉनने. चाहत्यांच्या थोबाडीत मारल्यासारखं आहे, अशा अर्थाचं तो बोलला होता. आणि जॉनला सुरुवातीलाच मारायची कल्पनाही त्याचीच, हेही त्यानेच सांगितलंय. मला हे समजूनच घेता येत नाही. ज्याला स्वतःच्या पात्रांचं मरण इतकं लागलं, त्याने दुसऱ्यांना तेच का द्यावं?

गिरणगाव

मोगरा, उदाहरण चांगलं काढलंत, पण मला ते उलट बाजूने दिसतं. 'एलियन ३' मध्ये त्या दोघांच्या मरणातून एक वेगळाच चित्रपट उभा राहिला. कैद्यांचा ग्रह, मुंडण केलेली रिप्ली, शस्त्रं नाहीत, कोणी वाचवायला येणार नाही, आणि ज्या राक्षसाला ती मारत आली तोच तिच्या पोटात. २००३ मध्ये जी लांबवलेली आवृत्ती आली ती बघा, त्या चित्रपटाचं वजन कळतं. मुद्दा कोणाला मारलं हा नसतोच. मारल्यावर काय उभं केलं, हा असतो.

निशाचर

गिरणगाव, हे वाक्य मी तुमच्याकडून उचलतो. मारल्यावर काय उभं केलं? 'एलियन ३' ने शस्त्रं काढून घेतली, सैनिक काढले, रंग बदलला, नायिकेला शेवटी आगीत उडी घ्यायला लावली. आवडो न आवडो, पुन्हा 'एलियन्स' केला नाही. 'डार्क फेट'ने जॉनला मारलं आणि मग पुन्हा 'जजमेंट डे' केला. दानी जॉनच्या जागी, ग्रेस रीसच्या जागी, कार्ल जुन्या भल्या यंत्राच्या जागी. शेवटच्या दृश्यात दानी आणि सारा जाळीबाहेर उभ्या राहून छोट्या ग्रेसला खेळताना बघतात, तीही साराच्या जुन्या स्वप्नातलीच जाळी. मग जॉन गेला कशासाठी?

तिसरी घंटा, दार उघडं होतं हे खरं. पण रात्रीच्या रस्त्याचा अर्थ 'पुढे काय ते माहीत नाही' असा होता. 'डार्क फेट'चं उत्तर आहे 'पुढे तेच'. स्कायनेट नाही तर लीजन, लीजन नाही तर आणखी कोणी. मग माणसाने काही ठरवण्याला अर्थ काय? टेबलावर चाकूने कोरलेलं साराचं ते वाक्य, की नशीब असं काही नाही, आपण घडवू तेच, ते या चित्रपटाने खोटं पाडलं. बेधडक खोटं पाडलं असतं तर मी मान दिला असता. पण शेवटी दानीच्या तोंडी पुन्हा तीच उमेद घालतात.

मला हवा होता तो चित्रपट सांगतो. जॉन जिवंत आहे. तिशी ओलांडलेला, साधी नोकरी करणारा. ज्या युद्धासाठी आईने त्याला बंदूक धरायला शिकवली, ते आलंच नाही. आई अजून रात्री दारांच्या कड्या तपासते. आणि मग दानीच्या कारखान्यात यंत्राचा हात येतो. ज्या मुलाला सगळ्या जगाचा त्राता व्हायचं होतं, त्याला आता दुसऱ्या कोणाच्या तरी युद्धात साधा शिपाई व्हायचंय.

चाकणची शिफ्ट

हा चित्रपट मी बघितला असता. फक्त दिएगोला शेवटपर्यंत जिवंत ठेवा.

सावली

मी नसता बघितला. जॉन पडद्यावर आला की कॅमेरा त्याच्याकडे वळतो, हे या मालिकेत दर वेळी झालंय. 'सॅल्व्हेशन'मध्ये जॉन म्हणून क्रिश्चन बेल आला आणि सारा उरली ती ध्वनिफितीवरचा आवाज म्हणून. 'जेनिसिस'मध्ये एमिलिया क्लार्कची सारा होती, तर जॉनला यंत्र करून खलनायक बनवलं, आणि ते जाहिरातीतच सांगून टाकलं. निशाचरने वर लिहिलेल्या गोष्टीत सारा काय करते? कड्या तपासते. 'डार्क फेट'मध्ये ती महामार्गावर गाडीतून उतरते आणि तिथून शेवटपर्यंत चित्रपट तिच्याकडे बघतो. साचा जुना असेल, विमानातलं काही दिसत नसेल, रीळ म्हणतात ते सगळं मान्य. साठीच्या बाईला मध्यभागी उभं करण्यासाठी मुलगा बाजूला करावा लागला याचं वाईट मलाही वाटतं. पण तो असता तर ती तिथे उभी राहिली असती असं मला या मालिकेचा इतिहास बघून वाटत नाही.

निशाचर

माझ्या गोष्टीत साराच मध्यभागी असेल, ते कसं हे उद्या सविस्तर लिहितो. पण 'सॅल्व्हेशन'चा दाखला मी मानत नाही. ती गोष्ट युद्धातली होती, तोवर सारा मेलेली होती. तिच्या हयातीत, म्हणजे 'जजमेंट डे'मध्ये, जॉन आणि ती दोघंही एकाच चौकटीत होते आणि कोणी कोणाला झाकलं नाही.